पहिली शिट्टी होईपर्यंत

बारामतीत आमच्या शेजारी एक कॅथलिक ट्रॅक्टर-मेकॅनिक राहतात, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दिवसभर ते बंद पडलेल्या इंजिनाशीसुद्धा मोठ्यानं भांडतात. संध्याकाळी मात्र कुकर चढला की घरचे सगळे मारियामातेच्या तसबिरीपुढं बसतात. पहिली शिट्टी होईपर्यंत काही मागायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं देवाजवळ बसायचं, हा भाऊंचा नियम.

काल मी विरजण मागायला गेले, तर त्यांनी हातानंच बसायची खूण केली. मीही बसले. बराच वेळ झाला तरी शिट्टी होईना. शेवटी भाऊंनी एक डोळा उघडला.

"अगं, शिट्टी का होईना?"

"गॅस संपलाय," बायको डोळे मिटूनच म्हणाली.

"कवा?"

"मघाशीच."

"मग बोलली का न्हाईस?"

"बरं वाटत हुतं."

भाऊ गालात हसले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.