डावं पुढचं चाक

तिला सगळे मिस्त्रीण म्हणायचे. वडिलांच्या हाताखाली ती पाने-पकडी ओळखायला शिकली आणि ते गेल्यावर गॅरेज तिनेच चालवलं. नवरा ड्रायव्हर. दूरच्या शहरात एका म्हाताऱ्या मालकाच्या गाडीवर होता. घरी यायचा तो पाहुण्यासारखा.

त्या दिवशी मालक लेकीकडे मुक्कामाला राहिले, म्हणून त्याला एका रात्रीची सवड मिळाली. दुपारी गाडी दारात लागली. मिस्त्रीण हात पुसत बाहेर आली. त्याच्याकडे बघून हसली खरी, पण लगेच तिने नाक आक्रसलं.

"हा जळका वास कसला?"

"अगं, आधी आत तर येऊ दे! गाडी सकाळपासून डावीकडे ओढतेय. वासाचं म्हणशील, तर घाटात ब्रेक तापले असतील म्हटलं."

तिने डाव्या चाकाजवळ हात नेला. धग लागली. उजवं चाक कोमट होतं.

"अहो, हे घेऊन उद्या परत जाणार होतात?"

संध्याकाळी दोघं तळ्याकडे जाणार होते. तसं फोनवर ठरलं होतं, साडीही काढून ठेवली होती. तिने मात्र अंगात कामाचा डगला चढवला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "नवरा आला घरी आणि ही निघाली गाडीखाली!"

जॅक लावून चाक वर घेतलं. गार झाल्यावर ते हाताने फिरू लागलं. "आता ब्रेक दाबा. सोडा." त्याने पाय काढला, तरी चाक जाम. ब्रेकच्या सरकत्या पिना गंजल्या असतील, असं तिला आधी वाटलं, पण काढून पाहिल्या तर त्या मोकळ्या होत्या. मग तिने ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा, होजचा, वरचा जोड सैल केला. चाक तसंच जाम. जोड आवळून खाली ब्रेकजवळचं हवा काढायचं निपल उघडलं, तशी ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

"होज आतून सुजलाय," ती म्हणाली. "पायाच्या जोराने ऑइल खाली जातं, पण परत येत नाही. म्हणून ब्रेक धरूनच राहतो."

तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. "बाजार आज बंद असतो ना? होज नाही मिळाला तर मालकांना कळवतो. परवा निघेन."

मिस्त्रीणीने फडकं उचललं. या गाडीचा होज मागच्या फळीवर डब्यात होता. तिने स्वतःच आणून ठेवला होता. नाही म्हणायचा अवकाश, आणखी एक अख्खा दिवस मिळाला असता. ती बराच वेळ हातातला पाना पुसत राहिली.

"आहे माझ्याकडे," शेवटी ती म्हणाली.

"तुला खोटं बोलता येत नाही का गं?"

"येतं. पण मालकांना वाट बघत बसावं लागलं, तर पुढच्या वेळी सवड मागायला तोंड राहील तुम्हाला?"

त्याने हातातल्या बॅटरीचा झोत चाकावर धरला. तिने होज बदलला, जळून गुळगुळीत झालेले ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंचे नवे टाकले, हवा काढली. उजेड उतरायला लागला होता.

"नवे पॅड बसायला हवेत," ती म्हणाली. "चालवून बघू."

कामाच्या डगल्यातच ती शेजारी बसली. तळ्याच्या रस्त्याने एक फेरी झाली. त्याने उतरून चाकाजवळ हात नेला. "दोन्ही सारखीच."

"अजून एक फेरी मारा."

दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्याने विचारलं, "मिस्त्रीणबाई, पॅड अजून बसले नाहीत?"

"नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तेवढं खोटं तिला जमलं. त्याने गाडी आणखी हळू केली.

सकाळी तो निघाला. गॅरेज उघडून ती कामाला लागली, तोच फोन आला.

"थांबून बघितलं. चाक गार आहे."

"बरं."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. चाक गारच होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि स्टुलावर बसली.

"आता कशाला थांबलात? चाकाला काही होत नाही."

"माहितेय," तो म्हणाला. फोन मात्र कोणीच ठेवला नाही.