वायरमावशींचा डबा

वायरमावशींना नमस्कार-चमत्कार ठाऊक नव्हते. दुकानात शिरायच्या, पुढच्या गिऱ्हाइकाला हातानं बाजूला सारायच्या आणि काउंटरवर डबा आदळून म्हणायच्या, "पावणं, ओळखत न्हाय." पहिल्यांदा मी दचकलोच. वाटलं, कुठली तरी जुनी ओळख सांगतायत आणि मीच विसरलोय. म्हटलं, "कोण कुणाला ओळखत नाही, मावशी?" तर म्हणाल्या, "तुमचा कम्प्युटर माझ्या डब्याला. दुसरं कोण?"

मंगळवार पेठेत माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चहा सांडलेले कीबोर्ड, कागद गिळून बसलेले प्रिंटर आणि "कालपर्यंत चालू होतं बघा" म्हणणारी माणसं, ह्यात दिवस जातो. संध्याकाळ झाली की डोकं भणभणतं. त्यातच कारखान्याच्या सुट्टीदिवशी शिरोलीहून मावशी यायच्या. खोटं कशाला बोलू, त्यांना रस्ता ओलांडताना बघितलं की मी मनात म्हणायचो, आली का बया!

डबा म्हणजे प्लॅस्टिकचा साधा जेवणाचा डबा. झाकणावर दारावरच्या घंटीची मोठी बटणं बसवलेली. आत जुन्या टीव्ही गेमच्या रिमोटमधली सर्किटची पट्टी. पूर्वी टीव्हीला जोडून खेळायचं ते डबडं आणि त्याचे रिमोट घरोघरी असत, त्यातलाच. मावशींनी त्याला नवी केबल जोडून टोकाला जुन्याच पद्धतीची नऊ टोकांची पिन लावली होती. ही पिन कम्प्युटरला बसत नाही. मध्ये यूएसबीचा ॲडॅप्टर लागतो. आणि बाजारात मिळणारे ते स्वस्त, बिननावाचे ॲडॅप्टर म्हणजे शुद्ध नशिबाचा खेळ. पाकीट तेच, रंग तोच, आतलं सर्किट दर वेळी निराळं. मावशींचा डबा लावला की एकाला काहीच दिसायचं नाही. दुसऱ्यावर पडद्यावरचा माणूस आपला आपण गोळ्या झाडत सुटायचा. तिसरा तर कम्प्युटरच अडकवून ठेवायचा.

"तयार रिमोट घ्या की," मी वैतागून म्हणायचो. "हे बघा, ह्याच ॲडॅप्टरवर बाजारातला रिमोट कसा गुमान चालतोय."

"आन माझा डबा न्हाय चालत? म्हंजे ह्यो ॲडॅप्टर बी माणूस बघून चालतोय व्हय!" असं म्हणून त्या एवढ्या मोठ्यानं हसायच्या की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून जायचा. मग हसू आवरून म्हणायच्या, "तयार रिमोटची बटणं बारकी असत्यात, पावणं. आमच्या मालकांला दाबाय येत न्हाईत."

हळूहळू मला सगळं कळत गेलं. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, लेथवर टर्नर होते. लकव्यानं उजवी बाजू गेली, बोलणंही बरंचसं गेलं. डावा हात तेवढा राहिला होता आणि तोही आखडत चालला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा हात रोज हलला पाहिजे, नाहीतर घासही तोंडापर्यंत नेता येणार नाही. व्यायामाला रबरी चेंडू दिला, तो मालकांनी फेकून दिला. मणी ओवायला दिले, ते लाथाडले. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. लग्न झालं तेव्हा ह्या माणसाला टीव्ही गेमचं वेड होतं, ते मावशींना आठवलं. म्हणून हा सगळा उद्योग.

मावशी शिरोली एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या वायरिंगचे जुडगे बांधायच्या, म्हणून वायरमावशी. रंगीत तारा मोजून, कापून, दोऱ्याच्या गाठींनी आवळायच्या. गाठी अशा सुबक की सोडवायला जीव व्हायचा नाही. कारखान्यात त्यांना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून घोकवलेली होती: उरलेली तार लोंबती ठेवायची नाही, अर्थिंगला बांधायची. त्या स्वतः नव्या पोरींना दम द्यायच्या, "मोकळी तार आन मोकळं ढोर, कुठं त्वांड घालंल सांगता येत न्हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, पण त्याचा आणि आमच्या दुखण्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

एकदा त्या ॲडॅप्टरांची पिशवीच घेऊन आल्या आणि खुर्चीवर मटकन बसल्या. हसल्या नाहीत. "पावणं, त्यांचं बोट आता सरळ व्हईना झालंय," म्हणाल्या. "मी बी दमलो बघा. एकडाव घरला येऊन बघा की." आमच्याकडं बायकाही 'दमलो'च म्हणतात. पण त्यांच्या तोंडून तो शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत निघालो.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खाट, खाटेवर पाठमोरे मालक. मी "जय भीम" म्हटलं. पाठ हलली नाही. मावशींनी माझ्याकडूनच नेलेला जुना कम्प्युटर मी लावला, डबा जोडला, एक ॲडॅप्टर काढून दुसरा लावला, तिसरा लावला. पडद्यावरचा माणूस पुन्हा आपला आपण गोळ्या झाडायला लागला. ठाय ठाय ठाय! मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बं… दूक."

मालकांनी मान वळवली होती. मावशी म्हणाल्या, "गप ऱ्हावा अवो, कसली बंदूक?" तर त्यांनी डाव्या हाताचं वाकडं बोट उचलून त्या पिनेवर रोखलं आणि परत म्हणाले, "बंदूक."

आणि मला लख्ख आठवलं. त्या टीव्ही गेमबरोबर बदकं मारायची प्लॅस्टिकची बंदूक यायची आणि ती ह्याच पिनेत बसायची! नऊपैकी दोन टोकांचं काम बंदुकीचं. तयार रिमोटच्या केबलीत त्या तारा नसतातच. मावशींनी मात्र कारखान्यातली नऊ तारांची केबल वापरली होती आणि उरलेल्या सगळ्या तारा, शिस्तीप्रमाणं, गाठ मारून अर्थिंगला बांधल्या होत्या. बिचाऱ्या ॲडॅप्टरला वाटत होतं, बंदूक लावलीय आणि कुणीतरी घोडा दाबून धरलाय.

"मावशी, उरलेल्या तारा तोडायच्या."

"आन मोकळ्या सोडायच्या? जमायचं न्हाय." डबा त्यांनी छातीशी धरला. "आयुष्यात मोकळी तार सोडली न्हाय मी."

मी समजावून थकलो. शेवटी मालकच हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. बायकोची खोड त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. ते हसू बघितलं आणि मावशींनी मुकाट्यानं कात्री आणली. तारा तोडल्या, पण प्रत्येक टोकाला वेगळी टेप गुंडाळली आणि वर दोऱ्याची गाठ मारलीच.

पहिल्या दोन ॲडॅप्टरवर तरीही काही दिसलं नाही. तिसऱ्यावर मालकांनी तळहातानं बटण दाबलं आणि पडद्यावरच्या माणसानं उडी मारली. मावशी पडद्याकडं बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याच्या मनगटाकडं बघत होत्या.

त्यानंतर त्यांचं येणं कमी झालं. कधी बटण खिळखिळं झालं, कधी ॲडॅप्टर मेला, तेवढ्यापुरत्या यायच्या. "आज भाकरी आपल्या हातानं खाल्ली," असं काहीबाही सांगून जायच्या. मला बरं वाटायचं. दुकानात बरं वाटावं असं फारसं काही घडत नाही हो.

मग बरेच दिवस आल्या नाहीत. आल्या त्या संध्याकाळी दुकानात गर्दी होती. कुणालाही बाजूला न सारता मावशी रांगेत उभ्या राहिल्या. पाळी आल्यावर डबा हळू ठेवला.

"चालत नाही का, मावशी?"

"चालतंय की. मालक गेलं."

खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. कधी, कसं, एवढंच विचारलं. दुसरा झटका, झोपेतच, म्हणाल्या. पाणी पिऊन त्यांनी डबा माझ्याकडं सरकवला. "लावा की जरा. ह्यात असतंय तरी काय, मी कवा बघितलंच न्हाय. मी आपलं त्यांच्या हाताकडंच बघत बसलेलो."

मी खेळ लावून दिला. मावशींनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी बटणं दाबायला सुरुवात केली. पडद्यावरचा माणूस चार पावलं पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. परत लावला, परत पडला.

"एवढ्यात मरतंय व्हय?" त्यांनी विचारलं.

"सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं, मावशी."

त्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग रांगेकडं वळून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमचं मालक लई येळ टिकायचं. एका हातानं."