तिच्या वाट्याची महाग युनिटं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंजावुरात आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमच्यातलीच, तंजावुरी मराठी, एक शिक्षिका आजारी वडिलांना घेऊन भाड्याने राहत होती. विजेचं बिल घराला एकच यायचं. तिचा वापर कळावा म्हणून मी वेगळा छोटा मीटर बसवला होता. सरकारी दर ठरलेले: पहिली युनिटं स्वस्त, पुढची महाग. स्वस्त युनिटं मी आमची धरायचो आणि तिची सगळी महाग दराने लावायचो.

एकदा ती, रीडिंग आणि बिलाची रक्कम लिहितात ते मीटरचं पांढरं कार्ड घेऊन दारात आली. "मामा, आमची युनिटं नेहमी शेवटचीच कशी? आम्ही काय तुमची निजानीज झाल्यावर दिवा लावतो?"

"घर कोणाचं?"

"घर तुमचंच. दर तर सरकारचा ना?"

"परवडत नसेल तर पंखा बंद ठेव," मी म्हणालो.

तिने पैसे दिले आणि पंखा खरंच बंद ठेवला. वैशाखभर दुपारी ती वडिलांना ताडाच्या विंझण्याने वारा घालायची. तो आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि मी आमच्या पंख्याखाली पडून ऐकायचो. उन्हाळा सरायच्या आत ती वडिलांना घेऊन जवळच्या ओरत्तनाडू गावी राहायला गेली.

ती बिल बुडवून गेली, असं मी घरात सांगितलं. मुलं अजून तेच सांगतात. तिने काही बुडवलं नाही, आणि तिचा हिशेब बरोबर होता. हे मी मराठीत लिहितो आहे; तमिळ शाळेत शिकलेल्या माझ्या मुलांना ही लिपी वाचता येत नाही. त्यांना तोंडाने सांगायला हवं. तेवढा धीर अजून झालेला नाही.