याकोबदादांचा बास आणि घरातला उंदीर

लग्नाच्या बँडमध्ये वाजवण्यापेक्षा वाट बघण्याचं काम जास्त असतं. नवरदेव यायचाय, जनरेटर यायचाय, रुसलेला मामा यायचाय. तोवर आम्ही टेम्पोच्या सावलीत बसतो, आणि कोणीतरी म्हणतं, "त्या दिवशी याकोबदादांनी काय केलं माहितीये का?" झालं. एक किस्सा सांगून होईपर्यंत दादा दुसरा तयार करून ठेवतात. आता इतके साठलेत की टेम्पोत सामानाला जागा उरत नाही.

आधी माणसं सांगतो. मी पंकज, ब्राह्मणपुरीचा. घरी पपईची शेती आहे, आणि सीझनला मी कीबोर्ड वाजवतो. रतनभाऊ नंदुरबारचा. टेम्पो त्याचा, बँड त्याचा, गातोही तोच, म्हणून बोलतोही तोच. आणि याकोबदादा चिंचपाड्याकडचे, घर मिशनच्या दवाखान्याजवळ. शेती करतात आणि बास गिटार वाजवतात. म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो.

दादांना विचारा. ते म्हणतील, "छातीला नाही रे. पायाला."

आमच्याकडे नवापूरच्या भागात लग्नात गाव हात धरून, रांग करून नाचतं. पाय सगळ्यांचे एकदम पडतात. दादांचं म्हणणं, ते पाय बास उचलतो, बाकी सगळे नुसते आवाज करतात. 'बाकी सगळे' म्हणताना ते माझ्याकडे बघतात.

म्हणून कुठेही गेलो की ते आधी चपला काढतात. मला बासची एक तार छेडत बसवतात आणि स्वतः अनवाणी अंगणभर फिरतात. एका ठिकाणी उभे राहून डोळे मिटतात. मग म्हणतात, "इथे येतोय. तिथे येत नाही. अँप हातभर डावीकडे घे." अँप म्हणजे बासचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका. लग्नघरातल्या बायकांना वाटतं, हा माणूस विहिरीचं पाणी बघायला आलाय. एका आजीबाईंनी तर विचारलंही, "किती फुटांवर लागेल?"

दादा म्हणाले, "लागलंय आजी. संध्याकाळी नाचायला या."

•

एकदा काठी गावाच्या बाजूला, वर सातपुड्यात लग्न होतं. तिकडे घरं टेकडीवर, एक इथे तर दुसरं खाली. नवरदेवाचे भाऊबंद खालच्या दोन पाड्यांवर राहणारे. आम्ही सामान अंगणात लावलं तर दादा म्हणाले, "अँप वर न्या. घराच्या मागे, त्या चढावर."

अँप म्हणजे काय उशी आहे का? दोघांनी धरलं तरी कंबर बोलते. रतनभाऊ म्हणाला, "कसाले पन वर?"

"बास जड असतो. जड वस्तू खाली उतरते. वरून सोडला तर अंगणात पोचेल."

नेला वर. कंबर बोलली. वाजवायला लागलो, आणि खरं सांगतो, असा बास मी कधी ऐकला नव्हता. गाणी झाली, आणखी गाणी झाली. अंगणात मात्र आम्ही, नवरीकडची चार माणसं आणि एक कुत्रा. पाहुणे येईनात. वर नवरदेवाच्या बापाचं तोंड उतरत चाललेलं. शेवटी तो स्वतः खाली बघायला गेला.

दोन्ही पाड्यांवरची माणसं आपापल्या अंगणात रांगा करून नाचत होती. बास तिथपर्यंत अगदी ठणठणीत पोचला होता. मग एवढा चढ चढून वर कोण येतंय?

रतनभाऊ वैतागला. "दादा, लोके खाले नाची ऱ्हायनात, आन् वर जेवण थंडं व्हई ऱ्हायनं."

दादा म्हणाले, "पण बास बरोबर होता ना?"

•

तारांचं दुखणं वेगळं. दादांना नवी तार चालत नाही. "नवी तार म्हणजे नवा जावई," असं त्यांचं मत. "चकचकीत असतो, बोलतो फार, कामाला लागायला वर्ष जातं." त्यांच्या बासवर ज्या तारा आहेत त्या केव्हाच्या, ते तेही सांगू शकत नाहीत. आवाज बसला की ते तारा काढतात आणि पाण्यात उकळतात. मळ निघतो, तार पुन्हा बोलायला लागते. ही युक्ती बास वाजवणाऱ्यांत सगळीकडे चालते. पण दादा तारा घरच्या कुकरमध्ये उकळतात.

त्यांची मुलगी सलोमी, नर्सिंग शिकलेली, नुकतीच नोकरीला लागलेली. तिला बघायला पाहुणे आले तो दिवस. मीही होतो, कारण पाहुण्यांना आणायला गाडी माझी होती. ओट्यावर गप्पा चालल्या होत्या, आत कुकरच्या शिट्ट्या. मुलाच्या आईने कौतुकाने विचारलं, "काय शिजतंय?"

दादांच्या बायकोने, मार्थावहिनींनी, शांतपणे सांगितलं, "तारा."

"डाळ?"

"तारा. अजून दोन शिट्ट्या आहेत."

त्या बाईंनी आत जाऊन बघितलं. बाहेर आल्या आणि नवऱ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मला वाटलं, गेलं स्थळ. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "उकळल्यावर सूर किती दिवस टिकतो?" दादांनी त्याच्याकडे मान वळवून बघितलं. लग्न तिथेच ठरलं. सलोमीला विचारायचं दादांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. ते काम वहिनींनी आधीच करून ठेवलं होतं.

त्याच दिवशी वहिनींनी सगळ्यांसमोर एक अट घातली. घरात ते लोक मावची बोलतात, मी आपला माझ्या मराठीत सांगतो. वहिनी म्हणाल्या, "गावात इतकी लग्नं झाली. प्रत्येकीचा नवरा तिच्याबरोबर नाचला. माझा तेवढा टेम्पोवर. सलोमीच्या लग्नात तुम्ही खाली उतरायचं."

पाहुणे हसले. वहिनी नाही हसल्या. रांगेत ज्या हाताला दादा हवे होते, तिथे वर्षानुवर्षं कुणाची तरी नणंद, कुणाची तरी मावशी. आम्ही वरून बघत आलो होतो. वाईट वाटायचं, पण दादा खाली उतरले तर बास कोण वाजवणार, म्हणून गप्प बसायचो.

दादांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "उतरीन."

•

म्हणजे त्या दिवसापुरता दुसरा बासवाला हवा. रतनभाऊने सोनगडकडून एक पोरगा आणला. चांगला वाजवणारा, केस मागे बांधलेले, आणि त्याच्या बासला पाच तारा.

दादांनी तारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. "ही पाचवी कशाला?"

"अजून खालच्या सुरात जाता येतं, काका."

"खाली कुठे जायचंय? पाय जमिनीवरच असतात ना माणसाचे?"

पोराने वाजवून दाखवलं. बोटं काय पळत होती. रतनभाऊ खूश, मी खूश. दादा चपला काढून उभे. संपल्यावर म्हणाले, "पोरगा गुणी आहे. त्याला बास का देता? एखादं वाद्य द्या."

पोरगा पाया पडला आणि पुढच्या बसने परत गेला.

मग रतनभाऊ माझ्याकडे वळला. "तुन्हा डावा हात रिकामाच शे ना? त्या दिन कीबोर्डवर बास दाब." कीबोर्डमध्ये बासचा आवाज असतो. दादा त्याला 'पावडरचं दूध' म्हणतात. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांचा स्वतःचा बास दुसऱ्याला द्यायचा प्रश्नच नव्हता. अँप लावताना मला एक तार छेडू देतात तेवढंच, एरवी त्याला कोणी हात लावला तर ते दोन दिवस जेवत नाहीत.

•

आणि इथेच उंदराचा किस्सा येतो.

दादा बास घरी ठेवताना सगळ्या तारा थोड्या सैल करून ठेवतात. लाकडावर ताण नको म्हणून. कार्यक्रमाला आले की पुन्हा आवळतात. त्या उन्हाळ्यात काय व्हायचं, बास पेटीतून काढला की तारा आवळलेल्याच असायच्या. नुसत्या आवळलेल्या नाही, सुरात.

दादांनी घरी विचारलं, "माझ्या बासला कोण हात लावतं?"

वहिनी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "उंदीर असेल."

"उंदीर तार कुरतडतो. सुरात लावत नाही."

"मिशनच्या दवाखान्याजवळचे उंदीर आहेत," वहिनी म्हणाल्या. "शिकलेले."

सलोमी तिथेच कांदा चिरत होती. तिला ठसका लागला.

एवढ्यावर माणसाने समजून जावं. पण दादांचं डोकं आवाजात जेवढं चालतं तेवढं घरात चालत नाही. त्यांनी बाजारातून उंदराचा सापळा आणला, तो पट्टीवाला, खट्‌कन बसणारा. त्याला भजं लावलं आणि बासच्या पेटीत ठेवला. त्यानंतर दोन आठवडे भजं तसंच, आणि तारा मात्र सुरात. दादा हैराण. आम्हाला सांगायचे, "जात वेगळी दिसते. भजं खात नाही."

मग एका लग्नात दादांना यायला उशीर झाला. बास आधी टेम्पोने आलेला. रतनभाऊला घाई, त्याने पेटी उघडली आणि आत हात घातला. त्याची किंकाळी माईकवरून नवरदेवाच्या गाडीपर्यंत गेली.

"अरे, मन्हं बोट गयं रे!"

दादा धावत आले. बोट बघितलं, सापळा बघितला, निराश झाले. "तू होतास होय? मला वाटलं सापडला."

•

सलोमीचं लग्न. सकाळी चर्चमधलं झालं, दुपारी जेवणं झाली, उन्हं कलल्यावर टेम्पो अंगणात लावला. दादा नव्या शर्टात. बास घेऊन आले आणि माझ्या शेजारी स्टँडवर उभा केला. अँपला वायरही जोडली.

मी म्हटलं, "दादा, वाजवायचा नाही ना?"

"नाही. पण लग्नाला तोही आलाय. उभा राहू दे."

मग चपला टेम्पोखाली काढल्या आणि गेले. वहिनी हात पुढे करून उभ्याच होत्या. हिरवी साडी, डोक्यात अबोली. एवढ्या लग्नांत मी त्यांना तशी उभी कधी बघितली नव्हती. दादांनी हात धरला. रांग झाली. रतनभाऊ कॉर्डलेस माईक घेऊन खाली रांगेजवळ गेला आणि त्याने मान हलवली. मी उजव्या हाताने सूर धरला, डाव्या हाताने बास.

लोक नाचायला लागले. कुणाला काही फरक पडला नाही, फक्त एका माणसाला पडला. दादांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. पाय टाकायचे, थांबायचे, खाली जमिनीकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी काय करू? डाव्या हाताला होतं तेवढं देत होतो.

एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत टेम्पोसमोर आल्यावर दादा उभेच राहिले. मागची माणसं त्यांच्यावर आदळली. ते स्टँडवरच्या बासकडे बघत होते. मी मनात म्हटलं, दादा, नका हो. आजच्या दिवस नका.

वहिनींना कळलं. त्यांनी दादांचा हात सोडला आणि पदर सारखा केला, बस्स.

दादांनी टेम्पोकडे एक पाऊल टाकलंसुद्धा. तेवढ्यात त्यांच्या बाजूने कुणीतरी पुढे गेलं. पांढरी साडी खोचून, नव्या सँडल तिथेच मातीत टाकून सलोमी टेम्पोवर चढली. नवरदेव खाली तिची फुलं धरून उभा. तिने स्टँडवरून बास उचलला, पट्टा गळ्यात घातला, एका खुंटीला किंचित पीळ दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पंकजकाका, डावा हात काढा."

मी काढला.

तिने पहिलीच तार मारली आणि टेम्पोची फळी माझ्या पायाखाली हलली. दादांचीच चाल होती, दादांचेच ठोके, जिथे ते क्षणभर रेंगाळतात तिथे तीही रेंगाळत होती. रांग पुन्हा हलली. लांब जेवणाच्या मंडपात बसलेले म्हातारे उठून आले.

दादा एकटेच अंगणाच्या मध्ये उभे, अनवाणी, मान खाली. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती. आता ते काय म्हणतात म्हणून मी वाजवता वाजवता तिकडेच बघत होतो. बासला हात लावलाय, तोही विचारल्याशिवाय. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मग डोळे पुसले, वळले, रांगेत शिरले, त्यांच्या जागी आलेल्या कुणाच्या तरी नणंदेला बाजूला केलं आणि वहिनींचा हात धरला.

रतनभाऊ माईक घेऊन नेमका त्यांच्या शेजारी होता, म्हणून पुढचं अख्ख्या गावाला ऐकू गेलं.

दादा म्हणाले, "हाच का तुझा उंदीर?"

वहिनी म्हणाल्या, "पाय बघा. चुकताय."