भोपळ्यानंतर संगीता

भूल देणाऱ्या डॉक्टरला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पेशंट झोपलेला, सर्जन बोलत सुटलेला आणि आम्ही उशाशी स्टुलावर! तीस वर्षांत पोतंभर साठले. त्यातले रोबोटचे तेवढे सांगतो.

नव्वदीतली गोष्ट. नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी भूल द्यायला जायचो. मालक स्वतः सर्जन, सगळे त्यांना मोठे सर म्हणत. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटातला कॅमेरा धरून ठेवणारा एक यांत्रिक हात त्यांनी कंपनीकडून महिनाभर ट्रायलला आणवला. लहान मुलांवर आणि तरुणांवर तो चालवून दाखवला की मोठ्या कॉन्फरन्समध्ये सरांचं भाषण!

*

टेम्पोतून मशीन उतरलं. नवी वस्तू आली की पूजा हवीच. सिस्टरनी हळदकुंकू लावलं आणि वॉर्डातल्या मामांनी नारळ फोडला, तोही मशीनच्याच पायावर. पाणी थेट बटणांवर! मुंबईहून आलेला इंजिनिअर डोकं धरून खालीच बसला. पुढचे दोन दिवस तो हेअर ड्रायरने मशीन वाळवत होता. सिस्टर त्याला जाता-येता खोबरं द्यायच्या.

*

पेपरात बातमी आली, 'नगरमध्ये रोबोट करणार ऑपरेशन'. पार संगमनेरहून माणसं बघायला आली. पण मशीनला ना डोकं ना डोळे, नुसता खांबावर बसवलेला लोखंडी हात. लोक हिरमुसून जायला लागले.

सरांनी यावरही उपाय काढला. स्वतःचा एक ॲप्रन त्याच्या अंगावर चढवला आणि खिशाला पेन लावलं. दुसऱ्याच दिवशी एका आजींनी त्याला हात जोडून गुडघ्याचं दुखणं सविस्तर सांगितलं. मध्येच न तोडता त्यांचं ऐकून घेणारा आमच्याकडचा तो पहिलाच डॉक्टर!

*

माणसाआधी भोपळा, असं ठरलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात लाल भोपळा ठेवून त्यात कॅमेरा घातला. हात डावीकडे गेला, उजवीकडे गेला. सर खूश. तेवढ्यात लाईट गेली.

जनरेटर लागला, करंट आला आणि हात कुणी न सांगता आपल्या मूळ जागी परत निघाला. वाटेत भोपळा होता. तो आरपार फाटला. इंजिनिअर म्हणाला, लाईट गेली की आधी कॅमेरा बाहेर काढायचा असतो, हे पुस्तकात लिहिलंय. पुस्तक कुठं होतं? मुंबईला.

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'प्राथमिक चाचणी समाधानकारक'. मामांनी त्या भोपळ्याची भाजी केली. मीही खाल्ली, चांगली झाली होती.

*

आणि मग संगीता आली. पारनेरकडची, दहा वर्षांची. अपेंडिक्सचं दुखणं पुन्हा पुन्हा उठायचं. बरोबर वडील भाऊसाहेब, कोरडवाहू शेतकरी. सरांनी त्यांना बारीक छिद्रं, कमी दुखणं, परदेशी मशीन सगळं समजावलं. भोपळ्याचं तेवढं राहिलं.

भाऊसाहेबांनी ॲप्रन घातलेल्या खांबाकडे बराच वेळ बघितलं. म्हणाले, "सायेब, आमच्याकडं नवा ट्रॅक्टर आला की आधी मालकाचं पोरगं बसवत्यात. ह्याच्यावर तुमचं कोन बसलं?"

सर हसले. "भाऊसाहेब, माझ्या मुलावर वेळ आली असती तर त्यालाही हेच लावलं असतं."

भाऊसाहेबांनी सही केली. सोमवार ठरला. मला भोपळा आठवत होता, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांना भूल देता देता थोडी आपल्यालाही चढते. त्याची लाज मला आजही वाटते.

*

आता शेवटचा.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, सरांच्या बारावीतल्या मुलाचं पोट दुखायला लागलं. तपासलं तर अपेंडिक्स! योगायोग म्हणावा तर असा. मशीन तयार, इंजिनिअर हजर, पुस्तकसुद्धा मुंबईहून आलेलं.

मी विचारलं, "सर, मशीन आत घेऊ?"

"डोकं फिरलंय का तुमचं? पोरगं आहे माझं."

गावातल्या एका रिटायर झालेल्या सर्जनना गाडी पाठवून आणलं. त्यांनी अर्ध्या तासात पोट उघडून हातानं काम उरकलं. मशीन बाहेर पॅसेजमध्ये ॲप्रन घालून उभं होतं.

सोमवारी सकाळी संगीता उपाशीपोटी, हॉस्पिटलचा झगा घालून वडिलांचं बोट धरून आली. कॉन्फरन्सवाले दोन पाहुणेही येऊन बसले होते. पॅसेजलगतच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत सरांचा मुलगा पडलेला. भाऊसाहेबांनी दारातून त्याची चौकशी केली. अपेंडिक्स म्हटल्यावर विचारलं, मशीननं काढलं का?

"नाही काका, हातानं," पोरगं म्हणालं. त्याला कुणी काही पढवलेलं नव्हतं.

समोरून सर आले. भाऊसाहेब चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. "सायेब, तुमचं पोरगं ज्या गाडीत बसलं, त्याच गाडीत आमची पोरगी बसंल. आमी थांबतो."

आणि संगीताला मांडीवर घेऊन ते मशीनशेजारच्या बाकावर बसले.

सरांनी एकदा पाहुण्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ड्रायव्हरला हाक मारून कालच्याच सर्जनना आणायला गाडी काढायला सांगितली.