सुई आणि मावशीची बोटं

ट्रे माझ्या हातातून पडला. बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटांसमोर दोतोरबाब म्हणाले, "काम करूंक जायना जाल्यार घरा बस. हांगा नाटकां नाकात."

स्टीलचा ट्रे होता. त्यात उकळून काढलेल्या काचेच्या सिरिंजा. फुटल्या. मी वाकले, वेचायला गेले, तर बोटं मिटेनात. काच दिसत होती. बोट तिथवर जात होतं. पण चिमूट होत नव्हती. मग मी तळव्यानं काचा ओढून गोळा करायला लागले. तळवा कापला. फरशीवर रक्त. बाकावरच्या बायकांनी पोरांचे पाय वर उचलून घेतले.

दोतोरबाब खुर्चीतून उठले नाहीत. समोर खाणीवरचा एक साहेब बसला होता. तो घाटावरचा, म्हणून त्याला मराठीत समजावलं. "हिची सासूपण अशीच. कापणी आली की तिची कंबर धरायची. या लोकांच्या रक्तातच आहे ते."

साहेब हसला.

या लोकांच्या. हे दोन शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. ऐकून घरी जायचं, भात टाकायचा, झोपायचं. त्या दिवशी ते माझ्याबरोबर घरी आले आणि गेलेच नाहीत.

दोतोरबाबचं नर्सिंग होम डिचोलीच्या बाजारात. मी तिथं आया. लादी पुसायची, चादरी धुवायच्या, सुया-सिरिंजा उकळायच्या. त्यांचं भाट, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, कारापूरला, आणि त्या भाटात आमचं घर. मुंडकार आम्ही. भिंती आमच्या, भिंतीखालची जमीन त्यांची. मुंडकारांसाठी कायदा झाला होता, गोव्याचं घटकराज्यही झालं होतं. बाजारातल्या भिंतींवर कोकणी-मराठीच्या घोषणा अजून होत्या, पावसानं अर्ध्या पुसलेल्या. पण माझी सासू त्यांच्या अंगणात शिरताना अजून चपला काढून हातात घ्यायची.

सुई कशी घेतली ते सांगते.

सुया उकळताना मला टोचायच्या. सगळ्याच आयांना टोचतात. एका नर्सला कावीळ झाली, डोळे हळदीसारखे, महिनाभर उठली नाही. मग दोतोरबाबनी काविळीची लस मागवली. नर्सना आत खोलीत, खुर्चीवर बसवून दिली. मला आणि झाडूवाल्या बाईला मागच्या पडवीत, गटाराजवळ, उभ्यानं. मी विचारलं, "कसली?" नर्स म्हणाली, "काविळीची. तुझ्या बऱ्याचीच आहे." ते खोटं नव्हतं. बऱ्याचीच होती. पण एवढंच सांगितलं. हात पुढे कर म्हणाली, मी केला. बाहेरच्या माणसांना विचारतात, ताप आहे का, गरोदर आहेस का. मला कोणी काही विचारलं नाही.

पहिल्या सुईनंतर काही नाही. दुसरीनंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी पाववाला पदेर आला, उंडे घेतले, आणि मला उंडा मोडता येईना. साधा पाव. वरचं कवच कडक असतं, पण मुलं मोडतात. माझी मुलगी बघत होती. तिनं माझ्या हातातून घेतला आणि मोडून दिला.

मग रोज. सकाळी उठले की दोन्ही हातांची बोटं सुजलेली, पेरं तापलेली, लाकडासारखी. ऊन वर येईपर्यंत साडीच्या निऱ्या घालता यायच्या नाहीत. मग थोडं सुटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "दंड दुखतो सुईनं, बोटं कशी दुखतील?" दोतोरबाबना सांगितलं. ते बघत होते दुसऱ्याच कागदाकडे. "धुणं जास्त केलंस." मी पुन्हा सांगितलं. तेव्हा वर बघून म्हणाले, "सुयेक लागून म्हण लोकांक सांगत भोंवूं नाका. ऐकलें?"

सुईमुळं झालं असं मी लोकांना काहीच सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच कुठं माहीत होतं.

कारण मला मावशी आठवत होती.

माझं माहेर पेडण्याकडे. मावशी आमच्या शेजारी राहायची. तिच्या दोन्ही हातांची बोटं एका बाजूला वळलेली, वाऱ्यानं झोपवलेल्या भातासारखी. ती भात मुठीनं खायची. देवळाबाहेर आमची रांग वेगळी, त्या रांगेतही ती शेवटी उभी राहायची, प्रसाद घेताना हात दिसू नयेत म्हणून पदर पसरायची. मावशीनं जन्मात सुई घेतली नव्हती. इस्पितळाची पायरी चढली नव्हती. मग तिला कशानं झालं? आणि तिच्यामुळं मला होणारच होतं, तर एवढी वर्षं काही नाही आणि सुईनंतरच कसं?

सुई की मावशी. हे माझ्या डोक्यात असं बसलं की डोळे उघडायच्या आधी मी बोटं हलवून बघायची. हलली नाहीत की वाटायचं, अंथरुणात माझ्याबरोबर मावशी आहे. तिचे हात माझ्या हातांत घातलेत. अजूनही वाटतं.

ट्रे पडला त्याच आठवड्यात तिसऱ्या सुईची वेळ आली. नर्स पडवीत उभी, मी समोर. मी म्हणाले, "आधी दोतोरबाबनी माझे हात बघू देत. मग घेते."

नर्सला वाटलं मी थट्टा करते. मी आत गेले. पेशंट होते. मी दोन्ही हात मेजावर ठेवले, त्यांच्या कागदांवर. म्हणाले, "बघा."

ते खुर्चीसकट मागे सरकले. जसं मेजावर मेलेलं काही ठेवलंय.

"हात काड," म्हणाले.

"बघितल्याशिवाय नाही काढणार."

आवाज माझाच होता. पण मी तो आधी ऐकला नव्हता. त्यांनी बघितलं नाही. कंपाउंडरला बोलावलं. त्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या दिवसापासून मी तिथली आया नाही.

नंतर पणजीहून एक गृहस्थ आले. निसर्गोपचाराची व्याख्यानं द्यायचे, इंजेक्शनांच्या विरुद्ध. माझं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आमच्या घरी आले, जमिनीवर बसले, पाणी मागून प्यायले. सासू चकित झाली. मला म्हणाले, "ताई, आपल्यावर अन्याय झालाय. आपण आमच्या सभेला यावं." दोतोरबाब कोकणीत झिडकारायचे. हे शुद्ध मराठीत मान द्यायचे. मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं की तुझं दुखणं खरं आहे.

सभा एका देवळाच्या मंडपात. मला खुर्ची दिली, वर, त्यांच्या शेजारी. मंडपात एवढी माणसं आणि मी खुर्चीवर. सासू खाली बायकांत बसून माझ्याकडे बघत होती.

गृहस्थ बोलायला लागले. "या माउलीकडे पाहा. धडधाकट बाई. घराण्यात हा आजार कधी कोणाला नव्हता."

मी हळूच म्हणाले, "होता. माझ्या मावशीला होता."

त्यांनी माइकवर हात ठेवला. हसूनच म्हणाले, "ताई, ते नंतर."

आणि माझं मनगट धरून हात वर उचलला. लोकांना दाखवायला. जत्रेत काहीतरी दाखवतात तसा. मनगट दुखत होतं, तेच सुजलेलं होतं. त्यांना ते कळलं नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते. तेव्हा कळलं, की खुर्ची मला दिली नव्हती. खुर्ची या बोटांना दिली होती.

मी हात हिसकावला. कळ डोक्यात गेली. माइक जवळ होता. म्हणाले, "माझ्या मावशीलापण होतं. तिनं सुई घेतली नव्हती. मला सुईनंतर झालं. सुईनं झालं की नाही, मला माहीत नाही. यांनापण माहीत नाही."

कोणीतरी मागून म्हणालं, "उतरवा तिला." पुढच्या रांगेत एक तरुण बाई, मांडीवर तान्हं मूल. ती उठून उभी राहिली. मला विचारलं, "मगे भुरग्याक सुयेक व्हरूं काय नाका?"

मी उतरले, चपला घातल्या, चालत निघाले. सासू मागून.

ती बाई कोण, कुठली, मला माहीत नाही. तिनं मूल सुईला नेलं की नाही, माहीत नाही. माझी बोटं वळली ते मी सोसलं. तिचा प्रश्न मला सोसत नाही. बाजारात त्या वयाचं पोर दिसलं की मी चेहरा बघते. कशासाठी बघते, मलाच कळत नाही.

शेवटी नवऱ्यानं ट्रकवरची एक दिवसाची सुट्टी टाकली आणि मला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं एक डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची. तिनं आधी हात धुतले, मग माझा हात धरला. एकेक पेर दाबून विचारलं, इथं दुखतं? इथं? रक्त काढलं. पुढच्या खेपेला सांगितलं, "आमवात आहे. रोगापासून वाचवणारी जी ताकद अंगात असते, ती उलटून आपल्याच सांध्यांवर उठते." ती मला तू म्हणत होती, पण तिच्या तू म्हणण्यात मी खाली नव्हते.

मी विचारलं, "सुईनं?"

ती म्हणाली, "लस त्याच ताकदीला जागी करते, म्हणून लोकांना ही शंका येते. डॉक्टरांनाही आलीय. लसीनंतर सांधे धरलेली काही माणसं नोंदवलेली आहेत. पण नंतर झालं म्हणजे त्यामुळंच झालं, असं नाही. तुझ्या मावशीला होतं. तुला सुईशिवायही झालं असतं कदाचित. तुझ्या बाबतीत नक्की काय, ते मला सांगता येणार नाही."

मग म्हणाली, "काविळीनं मेलेली माणसं मी बघितलीत. लस घ्या असंच मी सगळ्यांना सांगते. पण तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हाच कोणीतरी हात बघायला हवे होते. औषध लवकर सुरू झालं असतं, तर बोटं इतकी वळली नसती."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. नवरा चहा घेऊन आला. मला पेला धरता येईना, त्यानं धरला. सुईनं केलं की रक्तानं केलं, ते कोणालाच माहीत नाही. पण न बघण्यानं जे केलं, ते माहीत आहे. ते नक्की आहे. ते मेजापलीकडे खुर्ची मागे सरकवून केलेलं आहे.

पावसाळ्याआधी दोतोरबाबचा माणूस घरी आला. म्हणाला, सभेत बोललीस ते सगळं खोटं होतं म्हणून चार माणसांत सांग. हलकं काम देतो म्हणतात. नाहीतर भाटातलं घर बघावं लागेल.

सासू माझ्या पाया पडायचीच बाकी होती. "जा गो. पाय धर. घर जातलां."

"घर जाणार नाही," मी म्हणाले. "आणि पाय धरायला माझी बोटं मिटत नाहीत."

सासू हसली नाही. रडली. तिच्या सगळ्या जन्माचं ते भय होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी मामलेदाराकडे अर्ज केला, मुंडकार म्हणून नाव लावायला. ती भानगड अजून चाललीय. दोतोरबाब रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. मी फिरवत नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेत धनुर्वाताची सुई आली. मी तिला घेऊन रांगेत उभी राहिले. आमचा नंबर आला. नर्स म्हणाली, "बाही वर."

मी विचारलं, "कसली आहे? दिल्यावर काय काय होऊ शकतं? आणि झालं तर मी कोणाकडे यायचं?"

"सगळ्यांनी घेतली. तुलाच बरे प्रश्न."

मागं कुजबुज सुरू झाली. माझी मुलगी लाजली, माझा पदर ओढायला लागली. एका बाईनं म्हटलं, या लोकांना फुकट मिळतं त्याची किंमत नाही. मी तिच्याकडे वळून बघितलं. मग पुन्हा नर्सकडे.

"मुलीला सुई द्यायला आणलंय," मी म्हणाले. "न देता नेणार नाही. पण सांगा."

मी हलले नाही. रांग थांबली. नर्सनं सुई खाली ठेवली आणि सांगितलं. दंड दुखेल, ताप येईल एखादा दिवस, जास्त काही झालं तर आरोग्य केंद्रात या, माझं नाव सांगा. नाव सांगितलं. मी ते दोनदा म्हणून घेतलं.

मग मुलीची बाही मी वर केली. यापुढंही अशीच करीन. सांगितल्यावर.