गुरुजींच्या अक्षरातली संमती

दत्ताराम रांबाडे गुरुजी उंबरकोंडच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि मी राजापूरहून बदली होऊन आलेली त्यांच्या हाताखालची बाई. शाळेत शिक्षक आम्ही दोघंच. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्याकडे बाराखडी शिकल्या होत्या. कुळकायद्यात वडिलांच्या नावावर लागलेली सड्यावरची, म्हणजे गावामाथ्याच्या कातळपठारावरची, दोन एकर जमीन ते सुट्टीत स्वतः कसायचे. भाऊबंदांचं भांडण असो की मुलीची सोयरीक, 'गुरुजी काय म्हणतात' हे विचारल्याशिवाय गाव पुढे जात नसे. गुरुजींना त्याचा अभिमान होता आणि तो त्यांना शोभायचाही.

त्र्याऐंशीच्या सुरुवातीला गाव कधी नव्हे इतकं पुरुषांनी भरलं होतं. गिरण्यांचा संप वर्ष उलटलं तरी मिटत नव्हता. मुंबईचे चाकरमानी बिछाने गुंडाळून घरी आले होते आणि दिवसभर कातळावर पत्ते कुटत बसायचे. गुरुजींचा मुलगा विठू त्यांच्यातलाच.

अशात एक दिवस जीप आली. भूसंपादनाचे साहेब उतरले ते थेट गुरुजींच्या ओटीवर. सड्यावरची नव्वद एकर जमीन सरकारला आंबा-काजूच्या कारखान्यासाठी हवी होती.

"दर घरामागे एक नोकरी," साहेब म्हणाले. "पण लोकांनी हरकती घेतल्या तर कारखाना दुसऱ्या तालुक्यात जाईल. तुमचा शब्द गावात चालतो. तुम्ही बोला."

"आणि नोकऱ्यांचं नक्की ना?" गुरुजींनी विचारलं.

"माझा शब्द."

एवढं बोलणं झालं. शाळेच्या हजेरीपत्रकात एकही खाडाखोड खपवून न घेणारा माणूस, पण साहेबाकडून चिठोराही लिहून घेतला नाही.

सभा शाळेतच भरली. म्हातारा महिपत धावडे पहिल्यांदा उठला. त्याची सगळी वरकस, भात न पिकणारी माळजमीन, सड्यावर होती. "सरकारच्या कागदावर सडा पडीक," तो म्हणाला. "आमी तितं नाचणी करताव, गुरं चारताव. नाय द्यायची म्हटली तर काय करणार?"

"महिपतदादा," गुरुजी म्हणाले, "तुझी दोन्ही पोरं संपात घरी बसलीत. उद्या गिरणी सुरू झाली नाही तर कुठं जातील? गावाला काही हवं असेल तर कुणीतरी जमीन सोडावीच लागते. ही शाळा कुणाच्या जागेत आहे? तुझ्या आज्याच्या."

"माज्या आज्यानं दिलान," महिपत म्हणाला. "कोणी घेतलान नाय."

मग गुरुजी म्हणाले, "पहिली माझी दोन एकर लिहून घ्या. त्यानंतर दुसऱ्याला सांगा." त्यावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. संपातली तरुण मंडळी तर उठून उभी राहिली. महिपत खाली बसला आणि नंतर त्यानंही सही केली.

राहिली एकटी हौसा तांबे. ती बौद्धवाडीतली. तिचे यजमान भागोजी मुंबईच्या गोदीत हमाली करून निवृत्त झाले, तेव्हा मिळालेल्या सगळ्या पैशांतून त्यांनी सड्याच्या उतारावरची तीस गुंठे जमीन घेतली. अख्ख्या बौद्धवाडीत कुणी विकत घेतलेली ती पहिली जमीन. तिच्यात बारमाही झरा होता. भागोजींनी चाळीस काजू लावले आणि ते फळाला यायच्या आत वारले. झाडं हौसानं वाढवली.

ती शाळेत आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माजी हरकत लिवा. ह्यांनी घेतलानी ती जमीन मी द्यायची नाय."

गुरुजींनी तिला खुर्चीवर बसवलं. तासभर समजावलं. झऱ्याशिवाय कारखान्याला पाणी नाही, तिच्या एकटीमुळे सगळ्या गावाचं अडेल. तिच्या लेकीला, काशीला, कारखान्यात काम लागेल, मग दुसऱ्याच्या बांधावर राबायला जावं लागणार नाही. गुरुजींच्या प्रत्येक शब्दावर त्यांचा स्वतःचा विश्वास होता, हे मी शपथेवर सांगेन.

"तुमी सांगताव?" शेवटी हौसानं विचारलं.

"मी सांगतो."

हरकत लिहायला घेतलेल्या कागदावर गुरुजींनी संमती लिहिली. रेघ आखल्यासारखी शिरोरेषा, कुठे शाईचा डाग नाही. हौसानं अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मी सही केली.

मोजणी झाली, जुजबी मोबदला मिळाला, दगड रोवले, तारेचं कुंपण आलं, सरकारी फलक लागला. कारखाना मात्र आला नाही. संप तसाच विरून गेला. काहीजण मुंबईला परतून मिळेल ते काम धरू लागले. विठू गेला नाही. कारखान्यात नोकरी लागणार म्हणून बापानंच त्याला थांबवलं होतं. गुरुजी दर चार महिन्यांनी कचेरीला पत्र लिहीत. 'प्रकरणी योग्य स्तरावर कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर आलं की देवळात जाऊन ते मोठ्यानं वाचून दाखवत. पहिल्या वर्षी ऐकायला सगळं गाव यायचं. तिसऱ्या वर्षी पुजारी आणि मी.

सत्त्याऐंशीत ट्रक आले. आम्हाला वाटलं, आला कारखाना. गुरुजी घाईघाईनं कोट चढवून सड्यावर गेले, मीही मागोमाग. सड्यातलाच जांभा दगड कापून चिऱ्यांची उंच भिंत बांधणं चाललं होतं. नव्या फलकावर मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं नाव आणि खाली 'सुट्टीची घरे'. सड्याच्या टोकावरून पूर्णगडची खाडी आणि समुद्र दिसतो, तो पाहायला मुंबईहून पाहुणे येणार होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं रत्नागिरीला गेलो. कचेरीतल्या कारकुनानं फाईल काढून दिली. कारखान्याला मंजुरी कधी मिळालीच नव्हती. वापराविना पडलेली जागा म्हणून ती कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली होती.

"मग आमची आम्हाला परत का नाही दिलीत?" गुरुजींनी विचारलं.

"एकदा ताबा घेतला की जमीन सरकारची, गुरुजी. मूळ मालकाचा संबंध संपतो."

जीपमधून आलेले ते साहेब आता त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, वरच्या पदावर बसत होते. त्यांनी गुरुजींना लगेच ओळखलं. चहा मागवला. मला वाटतं, ओळख दाखवली नसती तर बरं झालं असतं.

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं का," गुरुजींनी विचारलं, "की मंजुरी नाही?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "प्रस्ताव होता. पण आधी जमीन ताब्यात घ्या, असा वरून आदेश होता. आसपासच्या गावांत किती त्रास झाला तुम्हाला सांगतो, मोर्चे, दगडफेक. तुमच्या गावातून एकही हरकत आली नाही. तुमच्यामुळे काम फार सोपं झालं."

ते हे कौतुकानं बोलत होते. गुरुजींनी चहाला हात लावला नाही.

गावात उतरल्यावर घरी न जाता ते थेट हौसाकडे गेले. ती अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होती. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, मंजुरी नव्हती इथपासून कंपनीशी झालेल्या सौद्यापर्यंत. स्वतःची बाजू मांडली नाही. "मला फसवलं हौसा," एवढं मात्र म्हणाले.

हौसानं हातातला बंध गच्च ओढला. "साहेबानं तुमाला फसवलान," ती म्हणाली. "मी साहेबाला कवा बगितलं? मना तुमी सांगितलंव."

खाली वाडीतली आपली शेताची खाचरं तिच्या नावावर करून देतो, असं गुरुजी म्हणाले. तिनं मान हलवली. "ती विठूची. उद्या तो म्हणंल हौसानं माजी घेतलान. नको."

तरी गुरुजींनी प्रयत्न सोडला नाही. हौसा, महिपत आणि मला घेऊन ते रत्नागिरीच्या एका वकिलांकडे गेले. वकिलांनी कागद चाळले, त्यातला एक बाहेर काढला आणि कौतुकानं म्हणाले, "इतकी स्वच्छ संमती असल्यावर कोर्ट ऐकून तरी घेईल का? कुणी लिहिलीय ही? सुरेख अक्षर आहे."

गुरुजींनी कागद हातात घेतला. खाली माझी सही होती. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. "मी लिहिलीय," ते म्हणाले आणि कागद वकिलांना परत दिला. महिपत टोपी घालून बाहेर जाऊन उभा राहिला. भांडला असता तर सोपं गेलं असतं.

पुढच्या वर्षी काजूच्या हंगामात कंपनीनं बिया वेचायला बायका रोजावर लावल्या. हौसा गेली, काशीही गेली. चाळीस झाडांपैकी तीस उरली होती. भागोजींनी कुठलं झाड कधी लावलं हे ती बरोबरच्या बायकांना सांगायची म्हणे. मुकादमाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आणि फाटकावर पहारेकरी म्हणून विठू लागला. त्यानं बापाला विचारलं नाही. खाकी सदरा घालून जेवायला बसला तेव्हाच गुरुजींना कळलं. ते ताटावरून उठले. विठू शांतपणे म्हणाला, "अण्णा, पाच वर्षं तुमी सांगितलंत म्हणून थांबलो. नोकरी लागणार होती ना सड्यावर? लागली."

तेव्हापासून बापलेक एका घरात राहून बोलेनासे झाले. हौसाला हे कळलं तेव्हा तीच गुरुजींच्या ओटीखाली येऊन म्हणाली, "पोटासाटी केलान त्यानं. पोरावर राग नका काढू."



एकोणनव्वदच्या मार्चमध्ये गुरुजी निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले. शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, सड्यावर येता का जरा?" आम्ही भिंतीच्या कडेनं चालत फाटकापाशी पोचलो. विठू स्टुलावरून उठून उभा राहिला.

"मला आपली जागा बघायचीय," गुरुजी म्हणाले. वर्षभरात मुलाशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

विठूनं आत वळून पाहिलं. आतल्या कचेरीचा दरवाजा उघडा होता. "अण्णा, आत पाहुणे आलेत," तो म्हणाला. "गावच्या माणसाला सोडायचं नाय, असा हुकूम हाय. माझी नोकरी जाईल."

गुरुजींनी विठूच्या सदऱ्याचं सुटलेलं वरचं बटण लावलं आणि मागे वळले. सड्यावरून गावाकडे उतरणारी जवळची पायवाट आता भिंतीच्या आत गेली होती. आम्ही खालच्या व्हाळातून, ओढ्याकाठच्या लांबच्या वाटेनं गावाकडे परत आलो.